अर्धी फुंकर

मनोजचं आणि आसावरीचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही, आणि जमावं असं दोघांपैकी कुणालाही कधी वाटलं नाही.

ती पहिल्यांदा पूर्णा गावातल्या भट्टीवर आली तेव्हा तिच्या बगलेत कागदांची गुंडाळी होती आणि पायांत पांढरे बूट. मनोजने आधी बूट पाहिले. काचेच्या भट्टीवर पांढरे बूट घालून येणारं माणूस एक तर वेडं असतं नाहीतर तपासणीला आलेलं असतं, असं त्याचं मत झालं, आणि एकदा झालेलं मत बदलण्याचा त्रास मनोज कधी घेत नसे. ती भिवंडीच्या ब्राह्मण आळीतल्या एका मास्तरांची मुलगी, बाहेरगावी जाऊन डिझाइन शिकून आलेली. तिला काचेचा तांब्या आणि त्यावर पालथं बसणारं भांडं करून हवं होतं. साचा नको, यंत्र नको, तोंडाने फुंकलेलं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ.

"न्हाय होनार," मनोज म्हणाला.

"बघू," त्याचे वडील केसरीनाथ म्हणाले.

आठ दिवसांनी तांब्या झाला. तो केसरीनाथांनी केला, आणि मनोजच्या मनात जी अढी बसली ती बसलीच.

खरं तर त्या भट्टीची कुणाच्या पोटाला गरज उरलेली नव्हती. मनोजच्या घरची, म्हणजे भोईरांची, भाताची खाचरं केव्हाच गोडाऊनखाली गेली होती, दारात गाडी होती, घरावर तिसरा मजला चढला होता. पण केसरीनाथांनी मागची पाच गुंठे जागा काही केल्या दिली नाही. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची भट्टी रात्रंदिवस पेटलेली असे. तरुणपणी ते कंदिलाच्या काचा करणाऱ्या कारखान्यात फिरोजाबादच्या एका उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. कारखाना बुडाला, उस्ताद गेला, पण त्याची लोखंडी फुंकणी केसरीनाथांकडे राहिली. पुरुषभर उंचीची ती पोकळ नळी. तिच्या एका टोकाला भट्टीतून काचेचा लाल गोळा घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावायचं. घरातल्या देवांनंतर नमस्कार तिला.

आणि त्या फुंकणीबरोबर उस्तादाची रीतही आली होती. उस्ताद आपला वारस तोंडाने सांगत नाही. एक दिवस तो काचेत अर्धी फुंकर घालतो, तोंड काढतो आणि फुंकणी डाव्या हाताला सरकवतो. तिथे त्याचा जोडीदार उभा असतो. उरलेली अर्धी फुंकर ज्याची, फुंकणी त्याची. मध्ये काच परत आगीत घालायची नाही, घातली तर ती फुंकर मोजायची नाही. आणि जोडीदाराने मागायचंही नाही. वाट बघायची.

मनोज सोळा वर्षं वाट बघत होता. केसरीनाथांच्या डाव्या हाताला, हातात दांडा घेऊन. तांब्याचं पोट फुगलं की त्याच्या बुडाला हा लोखंडी दांडा चिकटवायचा, फुंकणी मोडून काढायची, म्हणजे तोंडाकडची बाजू घडवायला मोकळी होते. दांडा वाकडा लागला तर तांब्या जन्मभर वाकडा. मनोजचा दांडा कधी वाकडा लागला नाही. त्याला गाडीचं कौतुक नव्हतं, भाड्याचं नव्हतं. त्याला ती फुंकणी हवी होती, आणि लोकांनी आपल्याला उस्ताद म्हणावं एवढंच हवं होतं. यात हसण्यासारखं काही नाही.

आसावरीने त्याला दोन वर्षांत एकदाही उस्ताद सोडा, कारागीरही म्हटलं नाही. ती तांब्ये ज्या डब्यांतून विकायची त्यांवर कार्ड असायचं: 'केसरीनाथ आणि आसावरी'. आकार बिघडला की ती मनोजकडे बघायची, जमला की केसरीनाथांकडे. "हे काकांनीच करावं," असं म्हणून तिने त्याच्या हातचे तांब्ये कितीदा बाजूला ठेवले. मनोजही काही कमी नव्हता. तिचे कागद तो चहाच्या पेल्याखाली ठेवायचा, आणि ती आली की मुद्दाम रेडिओ मोठा करायचा.

मग एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर आली. एकशे वीस तांब्या-भांडी. त्या हॉटेलला भट्टीची छोटी फिल्मही हवी होती, म्हणून आसावरी रीमा नावाच्या कॅमेरावालीला मुंबईहून घेऊन आली.

केसरीनाथ त्या दिवशी धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांचा दम अलीकडे कमी झाला होता, जिना चढताना थांबायचे, पण भट्टीपुढे ते कुणाला कळू देत नसत. काच उचलणाऱ्या जीवनने गोळा घेऊन दिला. हा जीवन जवळच्या शेलार गावचा, पन्नाशी ओलांडलेला, तीस वर्षं त्याने भट्टीतून काच काढून दुसऱ्याच्या हातात दिली होती आणि त्यापलीकडे कधी काही मागितलं नव्हतं. केसरीनाथांनी फुंकणी तोंडाला लावली. मनोज डावीकडे उभा राहिला.

"दादा, जरा बाजूला व्हाल?" रीमा कॅमेऱ्यामागून म्हणाली. "तुमची पाठ येतेय. आसावरी, तू ये तिथे."

मनोजने आसावरीकडे पाहिलं. ही त्याची जागा आहे, एवढं ती म्हणू शकली असती.

"मनोजदादा, पाचच मिनिटं," ती म्हणाली आणि त्याच्या जागेवर येऊन उभी राहिली.

मनोजने दांडा भिंतीला टेकवला आणि चालता झाला. फुंकणीवर काच असताना जोडीदाराने जागा सोडायची नाही, हा नियम नव्या कामगारांना तोच शिकवत असे. पण डोक्यात राख घातलेल्या माणसाला नियम आठवत नाहीत. रस्त्यावर कंटेनरांची रांग लागली होती. टपरीवर त्याने कटिंग घेतला, मनातल्या मनात आसावरीला चार शिव्या दिल्या, त्या पुरल्या नाहीत म्हणून रीमाला दोन दिल्या. तेवढ्यात शेडमधून टाळ्या ऐकू आल्या. त्या भट्टीत आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

तो आत आला तेव्हा केसरीनाथ स्टुलावर बसून खोकत होते. फुंकणी आसावरीच्या तोंडाला होती, तिचे गाल फुगलेले, आणि टोकाला दुधी भोपळ्यासारखा एक वाकडातिकडा फुगा लोंबत होता. रीमा टाळ्या वाजवत होती. बाकी कुणीच वाजवत नव्हतं. जीवनचा चेहरा उतरला होता.

"काय झाला?" मनोजने विचारलं.

"उस्तादांनी अर्धी फुंकली," जीवन खालच्या आवाजात म्हणाला. "डोले मिटले. नि डावीकडं दिली."

आसावरीने फुंकणी तोंडातून काढली. "काकांचा दम संपला असं वाटलं मला. वाया जाऊ नये म्हणून फुंकलं. काय झालं एवढं?"

काय झालं ते जीवनने तिला सांगितलं. ऐकून ती आधी हसली, मग तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले.

"बाबा, चुकून झाली ती," मनोज म्हणाला. "परत करू."

केसरीनाथांनी तोंड पुसलं. "दिली ती दिली."

"तिला काय ठाव हाय त्यातला? ती माजी जागा व्हती!"

"व्हती ना? मंग तू कुठं व्हतास?" म्हातारा उठला. "फुंकनीवर काच असताना जागा सोडलीस तू. चाळीस वर्सांत मी कवा सोडली न्हाय. आता बोंबलू नको."

दुसरा कुणी असता तर बापाच्या पाया पडला असता. मनोजला मात्र बाप परका आणि आसावरी वैरीण वाटली. अपमान झाला की माणसाला अक्कल सुचत नाही, पण कावा लगेच सुचतो.

"बरा," तो म्हणाला. "रीत ती रीत. मंग सगलीच पालू. सकाली पयली फुंकर उस्तादाची. उस्तादानं फुंकल्याबिगर कोनी फुंकनी उचलायची न्हाय. काय जीवन, बरोबर ना?"

जीवनने मान खाली घातली. रीत तशीच होती.

"उद्या सकाली सहाला या मॅडम," मनोज म्हणाला. "आता तुमी उस्ताद."

आसावरीला वाटलं, थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आली तर सगळे हातावर हात धरून बसलेले. भट्टी धगधगत होती आणि एकाही फुंकणीला काच लागली नव्हती. ती आधी मनोजवर ओरडली, मग केसरीनाथांकडे गेली. ते बाजेवर बसून होते. "मी दिली, बाय. आता माज्या हातात काय न्हाय," म्हणाले आणि तोंड फिरवलं. त्यांचा राग मुलावर होता, पण भरडली जात होती ती.

"हा मूर्खपणा आहे," ती मनोजला म्हणाली. "तीन आठवड्यांत एकशे वीस नग द्यायचेत."

"मूर्खपना हाय तर फुंकली कशाला? कॅमेऱ्यात चांगला दिसतं म्हनून?"

हातातली पर्स तिने स्टुलावर आपटली, केस घट्ट बांधले.

"सहा ना? येते."

आणि ती आली. सहाला पाच कमी असताना, रिक्षाने, पांढरे बूट घरी ठेवून. मनोज तिच्या डावीकडे उभा राहायला तयार नव्हता, म्हणून दांडा घेऊन जीवन उभा राहिला. पहिल्या दिवशी तिची बोटं भाजली. दुसऱ्या दिवशी फुगा इतका पातळ झाला की हवेतच फुटून त्याचे पापुद्रे उडाले. तिसऱ्या दिवशी गोळा जमिनीवर पडला. रोजचा तो पहिला नग सगळ्यांदेखत भंगाराच्या बादलीत फोडायचा आणि मग बाकीच्यांनी कामाला लागायचं. तो फोडायचं काम मनोजने आनंदाने स्वतःकडे घेतलं होतं.

"मॅडम, हा तांब्या हाय का वांगा?" तो विचारायचा. कामगार हसायचे.

ती फुंकणी ठेवून सरळ निघायची. चौथ्या दिवशी मात्र जाता जाता दारात थांबली. "मनोजदादा, तुमच्या तोंडाची वाफ भट्टीला जोडली असती ना, तर गॅसचा खर्च वाचला असता." त्यावर कामगार जास्त हसले.

ती रोज येत राहिली. ओठ फुटले, मनगटावर डाग पडले, पण तिने फुंकणी कशी फिरवायची ते केसरीनाथांना विचारलं नाही. जीवनला विचारलं. जीवन सांगायचा, "फिरवत ऱ्हा, मॅडम. फिरवायचा थांबलात की ती आपल्या मर्जीनं जाते." आठव्या दिवशी फुगा गोल आला. फार मोठा नव्हता, पण गोल. मनोजने तो बादलीत फोडला तेव्हा कुणी हसलं नाही. आपणच खणलेल्या खड्ड्याकडे तो आता काठावरून बघत होता. ही बाई कंटाळून पळेल, रडेल, हात जोडेल असं त्याने धरलं होतं. ती शिकेल हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

त्या दुपारी त्याची आई, जानकीबाई, ओसरीवर फिरत्या चाकावर तांब्यांची बुडं घासत बसली होती. दांडा तोडला की बुडाला जो खरखरीत वण राहतो, तो घासून गुळगुळीत करायचं काम तिचं. मनोज समोर येऊन बसला आणि नेहमीप्रमाणे आसावरीला नावं ठेवायला लागला.

जानकीबाईने चाक थांबवलं. "तुला एक सांगू? सांगनार नव्हते."

"काय?"

"आदल्या दिशी तुजा बाप मना बोल्ला, उद्या मन्याला देतो. क्यामेरा येनार हाय, चार लोकं असतील, त्यांच्या देखत देतो. म्हनून त्यानं धुतलेला सदरा मागून घेतला. तुज्यावर भरवसा, म्हनून डोले मिटून डावीकडं दिली." तिने ओल्या हातांनी डोळे पुसले. "आनि तू टपरीवर चहा पीत व्हतास."

सोळा वर्षं ज्याच्यासाठी उभा राहिलो, ते पाच मिनिटांच्या रागात घालवलं, हे मनोजला लख्ख कळलं. तेव्हाच तो उठून बापाकडे गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण स्वतःची चूक पोटात ठेवणं भाजलेल्या हाताने निखारा धरण्याइतकं अवघड. संध्याकाळपर्यंत त्याने ती आसावरीच्या पदरात टाकली. तिने जागा घेतली नसती, तर हे झालंच नसतं. तिने माफी मागितली पाहिजे. सगळ्यांदेखत मागितली पाहिजे.

बाराव्या दिवशी आसावरी आली ती थेट बाजेपाशी गेली.

"काका, उस्तादाला अर्धी फुंकर कुणालाही देता येते ना?"

"येते."

"मग आज देते. मला पुरे झालं. मला कागदावर काम करायचंय आणि सातपर्यंत झोपायचंय." ती मनोजकडे वळली. "तुमची आहे ना? घ्या. मी काय या फुंकणीचं लोणचं घालू?"

जानकीबाई हातातलं काम टाकून दारात आली. केसरीनाथ बाजेवरून उठले, सदऱ्याची गुंडी लावली. त्यांच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा जीव आला होता.

जीवनने भट्टीतून गोळा काढला आणि फुंकणी आसावरीला दिली. ती फिरवत राहिली, जीवनने शिकवली तशी, आणि तिने हलके फुंकलं. लाल गोळ्यात हवेचा थेंब आला, वाढला, गोल झाला. देखणा फुगा होता. मग तिने तोंड काढलं आणि फिरवता फिरवता फुंकणी मनोजपुढे धरली.

सोळा वर्षांची वाट संपून ती गोष्ट त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर आली होती. मनोजने फुंकणीकडे पाहिलं. तिच्या टोकावर आसावरीच्या थुंकीचा ओलावा चमकत होता. जुना सदरा कामवाल्याला द्यावा तशी देतेय, त्याला वाटलं. बापाने दिली नाही, हिने दिली. आणि हे सगळे बघतायत.

"आधी बोला, चूक झाली," तो म्हणाला.

"काय?"

"माजी जागा घेतलीत. बोला, चूक झाली. मंग घेतो."

"काच गार होतेय."

"बोला."

आसावरीचे भाजलेले हात फुंकणी फिरवतच होते, पण तिचा आवाज चढला. "चूक झाली असती तर पहिल्याच दिवशी म्हटलं असतं. मी तुम्हाला ढकललं नाही, मनोजदादा. तुम्ही निघून गेलात."

"मन्या, घे!" केसरीनाथ ओरडले.

"न्हाय! आधी तिला बोलू दे."

"अरे, घे रे बाबा," जानकीबाई म्हणाली. "घे."

गोळ्याचा लाल रंग उतरून नारिंगी झाला. नारिंगीचा मधासारखा होत चालला. आसावरी ओठ मिटून उभी. मनोजही तसाच. दोघेही एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते आणि काचेकडे कुणीच बघत नव्हतं.

जीवन बघत होता. तीस वर्षं त्याने भट्टीतून काच काढली होती, आणि इतका चांगला फुगा कुणाच्या भांडणापायी मरताना त्याला बघवेना. बाकी काही त्याच्या मनात नव्हतं. तो रोजच्यासारखा आसावरीच्या डाव्या हातालाच उभा होता. त्याने हातातला दांडा भिंतीला टेकवला, दोन्ही हातांनी फुंकणी घेतली, तोंड लावलं आणि फुंकलं.

फुग्यात पोट भरलं. तांब्याचं गरगरीत, नीट पोट.

मग जीवनला शांतता ऐकू आली. नळीवरून त्याचे डोळे सगळ्यांवर फिरले आणि आपण काय केलं हे कळून मोठे झाले. पण फुंकणी खाली ठेवता येईना, काच होती तिच्यावर. आता बुडाला दांडा लागायला हवा होता, आणि त्याच्या डाव्या हाताला कुणी नव्हतं.

त्याने तोंड काढलं. "मनोजशेठ," तो चाचरत म्हणाला. "दांडा... द्या ना. जाईल ती."

आसावरी मागे सरली होती. मनोजकडे तिचं लक्षच नव्हतं, ती तांब्याच्या पोटाकडे बघत होती. जानकीबाईने तोंडाला पदर लावला होता. दांडा मनोजच्या हाताशी भिंतीला टेकलेला होता.

जाऊ दे, फुटू दे, मनोजच्या मनात आलं. सगळ्यांची जिरू दे. त्याला जीवनचा राग आला, आसावरीचा आला, बापाचा आला, आणि त्या तिघांहून जास्त स्वतःचा आला, इतका की डोळ्यांपुढे भट्टी गढूळ झाली. पण हातांना हे काही ठाऊक नव्हतं. हातांनी दांडा उचलला, त्याचं टोक भट्टीत बुडवून काच घेतली, आणि तो जीवनच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. दांडा तांब्याच्या बुडाला टेकला. तो किंचित तिरका होता. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

केसरीनाथ जवळ आले. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला नाही, नव्या माणसाला सांगावं तसं सांगितलं.

"सरल धर. उस्तादाच्या हाताकडं बघ."

मनोजने जीवनच्या हाताकडे पाहिलं.